पडदा काळा का पडला?

संध्याकाळी घरात दिव्याचे बटण दाबले आणि दिवा लागला नाही, तर तुम्ही काय करता? नवा दिवा आणायला लगेच दुकानात धावत नाही. आधी शेजाऱ्यांकडे उजेड आहे का ते पाहता. तिथेही अंधार असेल तर वीजच गेलेली असते. तिथे उजेड असेल तर आपल्या घरातला पंखा फिरतो का ते पाहता. पंखा फिरत असेल तर वीज घरापर्यंत आली आहे आणि दोष त्याच्या पुढे आहे. मग दुसऱ्या खोलीतला चांगला दिवा काढून इथे लावता. तो लागला तर पहिला दिवा गेलेला, नाही लागला तर बटणात किंवा तारेत बिघाड. तीन साधे प्रयोग केले आणि दोष हाती आला!

हीच माणसे लॅपटॉपचा पडदा काळा पडला की मात्र गोंधळून जातात. ‘पडदा गेला’ असे एक जण म्हणतो, ‘सगळे पुसून पुन्हा भरा’ असे दुसरा म्हणतो. पहिल्याचे ऐकले तर चांगला पडदा काढून नव्याला पैसे मोजावे लागतात. दुसऱ्याचे ऐकले तर वर्षभराचे प्रकल्प, टिपणे आणि छायाचित्रे नाहीशी होतात. आणि पुष्कळदा पडदाही शाबूत असतो, माहितीही शाबूत असते. तुटलेला असतो तो या दोहोंमधला एक न दिसणारा दुवा. त्याचे नाव डिस्प्ले ड्रायव्हर. लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये हा दुवा तुटण्याचे प्रसंग अधिक येतात. असे का होते आणि दिव्यासारखाच याचाही शोध कसा घ्यायचा, ते या लेखात पाहू.

चित्राचा प्रवास

प्रथम चित्र पडद्यापर्यंत कसे येते ते समजून घेऊ. ही सहा दुव्यांची साखळी आहे. आपण पडद्याकडून आत जाऊ.

पहिला दुवा खुद्द पडदा. बहुतेक लॅपटॉपच्या पडद्यात द्रवस्फटिकाचा अतिशय पातळ थर असतो. १८८८ साली फ्रीड्रिख रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला अशा पदार्थाचे विचित्र वागणे प्रथम आढळले. हे द्रवस्फटिक स्वतः प्रकाशत नाहीत, ते फक्त प्रकाश अडवतात किंवा जाऊ देतात. प्रकाश येतो तो पडद्याच्या पाठीमागे असलेल्या दिव्यातून. म्हणजे चित्र तयार असूनही मागचा दिवा बंद असेल तर आपल्याला पडदा काळाच दिसेल. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

दुसरा दुवा म्हणजे बिजागरीतून पडद्याकडे जाणारी बारीक तारांची पट्टी. तिसरा दुवा चित्र-चिप. संगणकाच्या स्मृतीत चित्राच्या प्रत्येक बिंदूचा, म्हणजे पिक्सेलचा, रंग आकड्यांच्या रूपात लिहिलेला असतो. चित्र-चिप हे आकडे वाचून पडद्याकडे पाठवते, आणि तेही सेकंदाला साधारणपणे ६० वेळा. तिचे काम किती असते याचा हिशेब करू. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूसाठी ४ बाइट धरले तर एका चित्राला ८२,९४,४०० बाइट लागतात. सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे दर सेकंदाला ४९,७६,६४,००० बाइट! तुम्ही नुसते पडद्याकडे पाहत बसलात तरी हे सुमारे ५० कोटी बाइट दर सेकंदाला धावतच असतात.

चौथा दुवा ड्रायव्हर, त्याच्याविषयी पुढे विस्ताराने बोलू. पाचवा दुवा चित्र-व्यवस्थापक. पडद्यावर कोणती खिडकी वर आणि कोणती खाली हे तो ठरवतो. लिनक्सवर हे काम एक्स नावाची प्रणाली करते. ती १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मली. २००८ साली सुरू झालेली वेलँड ही प्रणाली आता तिची जागा घेत आहे. सहावा आणि शेवटचा दुवा म्हणजे तुम्हाला दिसणारे चित्रांचे, खुणांचे आणि खिडक्यांचे टेबल, म्हणजेच डेस्कटॉप.

या सहांपैकी एक जरी दुवा तुटला तरी परिणाम एकच, तो म्हणजे काळा पडदा. सहा आजारांचे लक्षण एक. म्हणूनच लक्षण पाहून औषध देता येत नाही.

ड्रायव्हर म्हणजे माहूत

ड्रायव्हर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गाडीचा चालक येतो. येथे मात्र माहुताची उपमा अधिक शोभते. हत्ती ताकदवान असतो, पण तो कोणाचेही ऐकत नाही. त्याच्या मानेवर बसलेला माहूत कानामागे पायाने दाबतो, ठरावीक शब्द उच्चारतो आणि हत्ती वळतो, बसतो, ओंडका उचलतो. ओंडका हलवायचा असला तर राजादेखील हत्तीशी बोलत नाही, माहुताला सांगतो.

संगणकात राजाच्या जागी कर्नेल आहे. कर्नेल म्हणजे संगणक प्रणालीचा गाभा. हत्तीच्या जागी चित्र-चिप आहे आणि माहूत म्हणजे ड्रायव्हर. ‘पडदा १९२० गुणिले १०८० वर लाव’ असे कर्नेल सांगतो. त्या विशिष्ट चिपच्या कोणत्या कप्प्यात कोणता आकडा लिहिला म्हणजे हे घडेल, ते फक्त ड्रायव्हरला ठाऊक असते. चिप बदलली की खुणा बदलल्या. एका चिपचा ड्रायव्हर दुसरीला चालेलच असे नाही.

मग लिनक्सवरच अडचण अधिक का? लिनक्सचा कर्नेल लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना १९९१ साली लोकांपुढे ठेवला. तो कोणीही वाचावा, सुधारावा आणि वाटावा अशी मुभा आहे. पण चिप बनवणाऱ्या कंपन्या प्रामुख्याने विंडोजसाठी ड्रायव्हर लिहीत असत आणि आपल्या चिपच्या खुणा गुप्त ठेवत असत. इंटेलने आपल्या चिपचा लिनक्स ड्रायव्हर खुला ठेवला. एएमडीने २००७ पासून आपल्या चिपची माहितीपत्रके प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. एनव्हिडियाने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला खरा, पण तो बंद पेटीसारखा. आत काय लिहिले आहे ते बाहेरच्यांना दिसत नसे.

यावर काही स्वयंसेवकांनी मोठ्या चिकाटीचे काम केले. माहूत खुणा सांगत नसेल तर दूर उभे राहून निरीक्षण करायचे, त्याने कुठे दाबले की हत्ती काय करतो याची वही भरायची. या रीतीने त्यांनी एनव्हिडियाच्या चिपसाठी नूवो हा ड्रायव्हर लिहिला. नूवो म्हणजे फ्रेंच भाषेत ‘नवा’. २०१० साली तो कर्नेलमध्ये समाविष्ट झाला. निरीक्षणातून नियम शोधणे ही भौतिकशास्त्राचीच पद्धत नव्हे का? योगायोग असा की एनव्हिडियाच्या चिपच्या कुळांना नावेही शास्त्रज्ञांची आहेत. टेस्ला, फर्मी, केपलर, मॅक्सवेल, पास्कल, व्होल्टा, ट्युरिंग ही त्यांतली काही.

२०१० च्या सुमारास आणखी एक गुंता वाढला. बॅटरी वाचावी म्हणून लॅपटॉपमध्ये दोन चित्र-चिप बसवू लागले. एक इंटेलची काटकसरी चिप आणि दुसरी एनव्हिडियाची ताकदवान चिप. पुष्कळ लॅपटॉपांत पडद्याची तार इंटेलच्या चिपला जोडलेली असते. एनव्हिडियाची चिप चित्र तयार करते आणि ते इंटेलच्या चिपकडे सोपवते. एक ओझे, दोन हत्ती आणि दोन माहूत! त्यांचे जमले नाही तर काय होईल हे सांगायला नको. जून २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात एका श्रोतीने अशाच लॅपटॉपविषयी प्रश्न विचारला, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियावर जाहीरपणे अतिशय कडक टीका केली होती. पुढे मे २०२२ मध्ये त्या कंपनीने ट्युरिंग आणि त्यानंतरच्या कुळांसाठी ड्रायव्हरचा कर्नेलमध्ये बसणारा भाग खुला केला.

आता आपण शोधाला लागू. उदाहरण म्हणून असाच दोन चिपचा लॅपटॉप घेऊ. काल तो चालत होता. काल संध्याकाळी प्रणालीची नवी आवृत्ती भरली. आज बटण दाबल्यावर कंपनीचे बोधचिन्ह दिसले आणि नंतर पडदा काळा पडला.

पहिली पायरी : दोष वस्तूत की आज्ञावलीत?

बटण दाबताच कंपनीचे बोधचिन्ह दिसले, ही साधी गोष्ट फार बोलकी आहे. त्या क्षणी लिनक्स अजून जागाही झालेला नसतो. तरीही चित्र उमटले. म्हणजे पडदा, मागचा दिवा, तारांची पट्टी आणि त्या वेळी पडदा चालवणारी चिप, असे पहिले तीन दुवे चालू आहेत. शेजाऱ्याकडे उजेड आहे की नाही हे पाहण्यासारखाच हा प्रयोग. एका निरीक्षणात अर्धी साखळी निर्दोष ठरली आणि नवा पडदा घेण्याचा खर्च वाचला!

बोधचिन्हही दिसले नाही तर? तर खोलीत अंधार करा आणि विजेरीचा झोत पडद्यावर तिरका पाडा. अगदी पुसट चित्र दिसले तर द्रवस्फटिक आपले काम करीत आहेत, फक्त मागचा दिवा बंद आहे. मग दुसरा मॉनिटर जोडून पहा. त्यावर चित्र आले तर चिपही ठीक आहे आणि दोष पडद्यात, दिव्यात किंवा तारेत आहे. तो मात्र दुरुस्ती करणाऱ्याचा प्रांत. लॅपटॉप स्वतः उघडू नका, आतल्या लिथियम बॅटरीला इजा झाली तर आग लागू शकते.

आणखी एक खात्रीचा प्रयोग आहे. पेनड्राइव्हवर लिनक्स घालून, काहीही न बसवता, त्यावरूनच लॅपटॉप सुरू करता येतो. तसे केल्यावर चित्र नीट आले तर यंत्र निर्दोष आहे, दोष आतल्या आज्ञावलीत आहे. शिवाय याच मार्गाने आतल्या फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेता येतात. म्हणून हा प्रयोग आधी करावा. माहिती सुरक्षित झाली की पुढचे प्रयोग निर्धास्तपणे करता येतात.

दुसरी पायरी : लिनक्स जागा आहे का?

काळ्या पडद्यामागे लिनक्स चालू आहे की थिजला आहे? कळफलकावरची कॅप्स लॉक कळ दाबा. तिचा बारीक दिवा लागला आणि पुन्हा दाबल्यावर विझला, तर कर्नेल बहुधा जागा आहे आणि तुमचे ऐकतो आहे.

मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या तीन कळा एकत्र दाबा. काही लॅपटॉपांवर सोबत एफएन कळही दाबावी लागते. लिनक्समध्ये चित्रमय पडद्यावाचून चालणारे, केवळ अक्षरांचे पडदेही असतात. तसा एक उघडला आणि त्यावर नाव विचारले गेले, तर समजा की कर्नेल आणि त्याचा ड्रायव्हर पडदा चालवू शकत आहेत. म्हणजे चौथा दुवाही बहुधा ठीक आहे आणि दोष पाचव्या किंवा सहाव्या दुव्यात आहे. अशा वेळी, प्रवेशाच्या पडद्यावर एक्स आणि वेलँड असे दोन्ही पर्याय असतील तर एकाऐवजी दुसरा निवडून पहावा. तेवढ्यानेही कधीकधी काम होते. (अक्षरांच्या पडद्यावर परवलीचा शब्द टंकित करताना काहीच उमटत नाही. तो बिघाड नव्हे, तशीच रीत आहे.)

आपल्या उदाहरणात अक्षरांचा पडदाही आला नाही असे धरू. म्हणजे संशय चौथ्या दुव्यावर, माहुतावर आला.

तिसरी पायरी : माहुताला उतरवून पहा

संशय खरा की खोटा हे ठरवायचे तर ड्रायव्हर बाजूला ठेवून संगणक सुरू करून पहायला हवे. लिनक्स सुरू होण्यापूर्वी ग्रब नावाची छोटी आज्ञावली चालते. लॅपटॉप सुरू होताना एस्केप कळ, किंवा जुन्या यंत्रावर शिफ्ट कळ दाबली की तिची यादी दिसते. तेथे दोन प्रयोग करता येतात.

पहिला प्रयोग जुन्या कर्नेलचा. नवी आवृत्ती भरली तरी आधीचा कर्नेल सहसा ठेवलेला असतो. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या ओळीखाली तो सापडतो. त्याने सुरुवात केली आणि चित्र आले, तर काल आणि आज यांतील फरक एकच उरतो, नवा कर्नेल. नव्या राजाची आणि जुन्या माहुताची भाषा जुळलेली नाही!

दुसरा प्रयोग ‘नोमोडसेट’ या शब्दाचा. हा शब्द आणि पुढे येणारे सर्व आदेश प्रत्यक्षात रोमन लिपीतील बारीक अक्षरांत टंकित करायचे आहेत, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. यादीतील ओळीवर ई ही कळ दाबा. उघडलेल्या मजकुरात ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा. तिच्या शेवटी एक जागा सोडून एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी ही नऊ अक्षरे जोडा आणि एफ-१० दाबा. याचा अर्थ असा की, ‘चिपच्या खास ड्रायव्हरांनो, पडद्याला हात लावू नका. सुरुवातीला बोधचिन्ह ज्या साध्या पद्धतीने दाखवले त्याच पद्धतीने पुढे चला.’ हा बदल फक्त या एका वेळेपुरता असतो. संगणक पुन्हा सुरू केला की तो आपोआप पुसला जातो, म्हणून त्यात धोका नाही.

चित्र आले तर दोष ड्रायव्हरचाच, हे जवळजवळ सिद्ध झाले. पण येथेच थांबून हा शब्द कायमचा लिहून ठेवू नका. साखळी धरून कोणीही हत्तीला चार पावले चालवील, ओंडका उचलवून घेणार नाही. या अवस्थेत चित्र मंद सरकते, पडद्याची बिंदुसंख्या आणि उजळपणा बदलत नाही, दुसरा मॉनिटर चालत नाही. ही कुबडी आहे, औषध नव्हे.

दोन चिपच्या लॅपटॉपवर याहून नेमका प्रयोग करता येतो. नोमोडसेट दोन्ही माहुतांना उतरवतो. त्याऐवजी ‘नूवो.मोडसेट=०’ लिहिले तर फक्त नूवो उतरतो आणि इंटेलचा ड्रायव्हर कामावर राहतो. याने चित्र नीट आले तर गुन्हेगार नूवो आहे. सगळे सारखे ठेवून एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम इथे कसा लागू पडतो पहा.

चौथी पायरी : साक्ष वाचा

आता पडद्यावर काहीतरी दिसू लागले आहे. लिनक्स आपल्या प्रत्येक हालचालीची रोजनिशी ठेवतो, ती वाचायची. टर्मिनल उघडा.

‘एलएसपीसीआय’, जागा, उणे चिन्ह आणि ‘के’, असा आदेश दिला की संगणकातील चिपची यादी येते. प्रत्येक चिपखाली ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असते. चित्र-चिपखाली ही ओळ नसेलच, तर हत्तीवर माहूत नाही! (नोमोडसेट लावलेले असताना मात्र ती नसणे स्वाभाविक आहे, म्हणून ही यादी जुन्या कर्नेलने सुरू करून पाहणे बरे.) ओळीत आय९१५ असेल तर इंटेलचा, एएमडीजीपीयू असेल तर एएमडीचा, नूवो किंवा एनव्हिडिया असेल तर त्या नावाचा ड्रायव्हर बसला आहे असे समजा.

‘जर्नलसीटीएल’, जागा, उणे ‘बी’, जागा, उणे १, या आदेशाने मागच्या वेळची, म्हणजे पडदा काळा पडला त्या वेळची रोजनिशी दिसते. हजारो ओळी पाहून घाबरू नका. त्यांत चिपचे किंवा ड्रायव्हरचे नाव शोधा आणि त्याच्या आसपास ‘एरर’ किंवा ‘फेल्ड’ हे शब्द आहेत का ते पहा. बहुधा खालीलपैकी एक कारण हाती लागते.

१. नव्या कर्नेलसाठी ड्रायव्हर तयारच झाला नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर कर्नेलच्या बाहेरचा असल्यामुळे कर्नेल बदलला की तो त्याच्यासाठी तयार केलेला मिळावा लागतो किंवा तिथल्या तिथे पुन्हा बांधावा लागतो. बांधणीचे हे काम डीकेएमएस नावाची आज्ञावली करते. ते अर्धवट राहिले तर माहूत पोचतच नाही. आपल्या उदाहरणातील लॅपटॉपचे दुखणे बहुधा हेच. उपाय : जुन्या कर्नेलने सुरू करून ड्रायव्हर पुन्हा भरणे. उबंटू आणि तिच्या भावंडांवर ‘सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ हा आदेश योग्य ड्रायव्हर निवडून भरतो. कुठूनही उतरवलेली फाइल चालवण्यापेक्षा आपल्या प्रणालीच्या भांडारातूनच ड्रायव्हर घ्यावा.

२. चिप फार जुनी आहे. नव्या ड्रायव्हरातून जुन्या चिपचा आधार काढून टाकला जातो. २०१० साली आलेल्या फर्मी कुळासाठी ३९० क्रमांकाची मालिका ही शेवटची, आणि तिच्या दुरुस्त्या २०२२ च्या अखेरीस थांबल्या. शाळेला देणगीत मिळालेल्या जुन्या लॅपटॉपांत अशी चिप असू शकते. तेथे नूवो वापरणे किंवा फक्त इंटेलच्या चिपवर भागवणे हेच शहाणपणाचे.

३. द्वारपालाने माहुताला अडवले. सिक्युअर बूट ही सुरक्षा चालू असेल तर सहीशिक्क्याशिवायचा ड्रायव्हर आत सोडला जात नाही. रोजनिशीत किंवा आदेशाच्या उत्तरात ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे शब्द दिसतात. ड्रायव्हर भरताना एक परवलीचा शब्द ठरवायला सांगतात आणि पुढच्या सुरुवातीला निळा पडदा येऊन तोच शब्द विचारतो. पुष्कळ जण गडबडीत तो पडदा ओलांडून जातात, मग शिक्का उमटत नाही. तो पडदा आला की ‘एनरोल’ हा पर्याय निवडावा.

४. चिपच्या आतली आज्ञावली मिळाली नाही. अनेक चिपना सुरुवातीला फर्मवेअर नावाची छोटी फाइल भरवावी लागते. ती नसेल तर ‘फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२’ अशा अर्थाची ओळ येते. उणे दोन म्हणजे ‘अशी फाइल नाही’. डेबियन या प्रणालीच्या अधिकृत भरणी-संचात अशा फाइली २०२३ सालच्या १२ व्या आवृत्तीपासून समाविष्ट झाल्या. त्याआधी त्या वेगळ्या भराव्या लागत.

५. चित्र आहे, पण मागचा दिवा शून्यावर गेला आहे. येथे विजेरीचा प्रयोग आठवा. पुसट चित्र दिसले तर आधी उजळपणाची कळ दाबून पहा. ती निकामी असेल तर ग्रबमधील त्याच ओळीत ‘एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह’ लिहून परिणाम पहावा.

पडद्याचे ओळखपत्र

कधीकधी चित्र येते, पण फुगलेले, धूसर किंवा भलत्याच आकाराचे. पडदा केवढा आहे हे ड्रायव्हरला कसे कळते? प्रत्येक पडद्याच्या पोटात १२८ बाइटांचे एक ओळखपत्र लिहिलेले असते. त्याला ईडीआयडी म्हणतात. बनवणाऱ्याची खूण, पडद्याची लांबी-रुंदी, योग्य बिंदुसंख्या हे सर्व त्यात असते. १८ व्या बाइटात तयार झाल्याचे वर्ष असते. तेथील आकड्यात १९९० मिळवायचे. आकडा ३० असेल तर पडदा २०२० सालचा.

ओळखपत्र वाचताना चूक झाली तर ते कसे कळावे? त्यासाठी मोठी सुंदर युक्ती आहे. १२८ वा बाइट असा निवडलेला असतो की सर्व १२८ आकड्यांच्या बेरजेला २५६ ने भागले असता बाकी शून्यच उरावी. बाकी उरली तर वाचण्यात चूक आहे. मग ड्रायव्हर त्या ओळखपत्रावर विश्वास ठेवत नाही आणि अंदाजाने एखादा लहान आकार निवडतो. धूसर चित्रामागे अशी एक चुकलेली बेरीज असू शकते!

शोधाचे चार नियम

या शोधातून चार नियम निघतात. एक, आधी माहिती वाचवा, मग दुरुस्ती करा. दोन, एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून पडदा उजळला तर कशाने उजळला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा अंधारात असता. तीन, प्रत्येक बदल वहीत लिहा आणि उपयोग झाला नाही तर तो मागे घ्या. चार, साखळीचे दोन भाग पाडील असा प्रयोग आधी करा. बोधचिन्हाच्या एका निरीक्षणाने आपण अर्धी साखळी निर्दोष ठरवली होती, ते आठवा.

शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. संगणक कक्षात ‘बंद’ अशी चिठ्ठी लावून कोपऱ्यात ठेवलेले लॅपटॉप असतील तर ते निकालात काढण्यापूर्वी आठवी-नववीच्या चार-चार विद्यार्थ्यांच्या गटांकडे वही-पेन्सिलीसह सोपवून पहा. सर्वच उजळतील असे नाही. पण कोणता दुवा तुटला आहे हे प्रत्येक गटाला सांगता आले, तर विज्ञानाच्या पुस्तकातले ‘निरीक्षण, तर्क, प्रयोग, निष्कर्ष’ हे चार शब्द त्यांना पुन्हा पाठ करावे लागणार नाहीत.

विचार करा

१. १३६६ गुणिले ७६८ बिंदूंच्या पडद्याला प्रत्येक बिंदूस ४ बाइट आणि सेकंदाला ६० चित्रे धरल्यास दर सेकंदाला किती बाइट लागतील?

२. एका ओळखपत्रातील पहिल्या १२७ बाइटांची बेरीज ९,९०० आली. १२८ वा बाइट किती असला पाहिजे?

३. बोधचिन्ह दिसते, अक्षरांचा पडदा उघडतो, पण डेस्कटॉप येत नाही. सहांपैकी कोणते दुवे निर्दोष धरता येतील आणि का?